दुसरा पास

१२ मार्च, सोल

युनजे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. चौतीस वर्षं सरकारी टिपणं लिहिण्यात गेली, त्यामुळे 'विषय' आणि 'संदर्भ' घातल्याशिवाय मला घरचं पत्रसुद्धा सुरू करता येत नाही. विषय तुला माहीत आहे. संदर्भ, संसदेच्या समितीपुढची कालची माझी सुनावणी, दुपारी तीनच्या सुमारास.

तू ती पाहिलीस का, हे विचारत नाही. पाहिली असणार.

सकाळी दहापासून त्या लोकांनी मला सोलून काढलं होतं. गावची जमीन कोणाच्या नावावर, वीस वर्षांपूर्वी राहता पत्ता का बदलला, प्रबंधातली तीन पानं कुठून उचलली. सगळ्यांना मी पुरून उरलो. राष्ट्राध्यक्षांनी मंत्रिपदासाठी नाव सुचवलं की माणसाची सात पिढ्यांची कपाटं उघडतात हे मला ठाऊक होतं, त्याची तयारी होती. मग विरोधी बाजूच्या मोकबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "उमेदवार महाशय, या देशातल्या प्रत्येक आईनं डोळे पुसत आपला मुलगा सक्तीच्या सैन्यसेवेला पाठवला. तुमचाच तेवढा घरी कसा राहिला? आजाराचं नाव झाकून ठेवलंत. आजार मुलाला होता, की बापाच्या ओळखी धडधाकट होत्या?" मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. नैराश्य. तुझं नाव घेऊन, कॅमेऱ्यासमोर.

युनजे, ते ठरवून केलं नाही. फेब्रुवारीत तू कागदांवर सही करायला आलास, आपण स्टेशनजवळ हाडांचं सूप प्यायलो, तो दिवस माझ्या लक्षात आहे. तू म्हणालास, "बाबा, 'आजाराचं नाव जाहीर करू नये' हा चौकोन तेवढा भरा. बाकी माझं काय हवं ते बघू दे त्यांना." मी म्हटलं, "भरला." तू म्हणालास, "दाखवा." मी कागद फिरवून दाखवला, तेव्हा कुठे तू भाताचा वाडगा पुढे ओढलास. बापावर तुझा किती विश्वास आहे ते मला तेव्हा कळलं आणि थोडा रागही आला. आता राग यायला तोंड राहिलं नाही.

रुग्णालयाबद्दलही एक-दोन वाक्यं बोललो, ती ओघात आली. त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

परवा अहवाल मंजूर होईल असं दिसतं. मोकबाई पुढे काही बोलल्याच नाहीत.

फोन उचल.

बाबा


२४ मार्च, सेजोंग

युनजे,

शपथ होऊन पाच दिवस झाले. खुर्ची मोठी आहे आणि पाठीला टोचते.

पुसानहून तुझ्या आत्याचा फोन आला होता. अभिनंदनाचा असेल असं वाटलं. ती म्हणाली, "इकसू, तू टीव्हीवर रडलास तेव्हा मी मुळे चिरत होते. सुरी खाली ठेवली बघ. आईच्या मयतीला तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तुझी सुनिम गेली तेव्हाही तू आलेल्यांच्या गाड्या लावून घेत होतास. आणि त्या बाईनं चष्मा वर केला नि तू रडलास? कुठल्या दुकानात मिळतं रे असलं रडू?" मी म्हटलं, ताई, आता पुरे. ती म्हणाली, "पुरे काय? पोराला क्लासमधून बसवलंय घरी. ते तरी माहितीय का मंत्रीसाहेबांना?"

माहीत नव्हतं. तिकडे गुन्सानमध्ये मुलांच्या पालकांनी क्लासच्या मालकाला गाठलं, 'असा माणूस' आमच्या मुलांना गणित शिकवायला नको म्हणाले, आणि मालकानं तुला 'थोडे दिवस विश्रांती' घ्यायला सांगितली. सहा वर्षं तू त्या फळ्यासमोर उभा आहेस. मी त्या मालकाला फोन करू शकतो, एका मिनिटात सुतासारखा सरळ होईल. पण मी तसं केलं तर तू मला जन्मात क्षमा करणार नाहीस, एवढं मला कळतं.

तेव्हा एक गोष्ट दुरुस्त करतो. ते अचानक निघून गेलं असं मी लिहिलं होतं. पूर्ण खरं नाही.

सुनावणीआधी तालीम होते. भाड्याच्या कार्यालयात लांब टेबल मांडतात, खात्यातले अधिकारी विरोधी खासदार बनतात आणि उमेदवाराला वाटेल ते विचारतात. मोकबाई झाला होता प्यो ग्वांगहो. तू ओळखतोस त्याला, तुझ्या आईच्या मयतीला दाराशी आलेल्यांचे बूट जोडीनं लावत होता तो. सोंग असं हुबेहूब वठवलं त्यानं, की चष्मा कपाळावर चढवल्याबरोबर मला घाम फुटला.

मी ठरलेलं उत्तर दिलं, "हा माझ्या मुलाचा खाजगी प्रश्न आहे. आजाराचं नाव सांगणार नाही." प्योनं चष्मा खाली घेतला. "साहेब, असं म्हणालात की खेळ खलास. उद्याच्या पेपरात तुमचा फोटो आणि खाली 'लपवाछपवी'."

"मग काय म्हणू?"

"खरं तेच. खरं बोललात की हॉल गप्प होईल. आजारी मुलाच्या बापाला दुसरा प्रश्न विचारायची कोणाची छाती आहे?"

"मी मुलाला शब्द दिलाय."

"मुलगा समजून घेईल साहेब. मुलं शेवटी समजूनच घेतात."

मी नको म्हटलं होतं. मग 'बघू' म्हटलं. विषय तिथेच राहिला.

२ मेला आईचं श्राद्ध आहे. तू नाही आलास तरी पान मांडीन.

बाबा


५ एप्रिल, सेजोंग

युनजे,

घाईत लिहितो आहे.

काल एका वर्तमानपत्रात एक निवृत्त परिचारिका बोलली आहे. तुझ्याबद्दल वाईट काही नाही, उलट मायेनंच बोलली आहे. पण ती म्हणते, "मी त्याच मजल्यावर होते. मंत्रीसाहेब म्हणाले, चाळीस दिवस मुलाच्या उशाशी बसून होतो. आई रोज असायची. वडिलांना मी एकदाही पाहिलं नाही."

आता सगळे त्या एका वाक्याच्या मागे लागले आहेत. सुनावणीत ते वाक्य बोललो, हे मी तुला पहिल्या पत्रात नीट लिहिलं नाही. 'ओघात' म्हणालो होतो.

प्यो म्हणतो, अकरा वर्षांपूर्वीची हजेरी कोण काढणार? मुलाचं एक वाक्य मिळालं की विषय बंद. 'बाबा तिथे होते.' तीन शब्द. नावही छापणार नाहीत, 'कुटुंबीय' म्हणतील. प्यो तुला मंगळवारी फोन करेल. त्याचा तरी उचल.

मी काय मागतो आहे ते मला कळतं. पण या खुर्चीवर मी मौजेसाठी बसलेलो नाही. नदीच्या खालच्या टप्प्यातले बांध दोन पावसाळेही टिकणार नाहीत, ते मी पंचवीस वर्षं ओरडून सांगतोय आणि आज पहिल्यांदा सही माझी आहे. एका वाक्यापायी हे जावं का? तुझी आई असती तर म्हणाली असती, दे रे बाबांना एवढं.

आणि मी वाईट बाप होतो असं तर तुलाही म्हणता येणार नाही.

बाबा


११ एप्रिल, सेजोंग

युनजे,

तुझं पाकीट काल पोचलं.

प्यो स्वतः घेऊन आला, जवळजवळ पळतच. "आलं साहेब! गुन्सानचा शिक्का! मुलाचं निवेदन आलं!" मी त्याच्यासमोरच फोडलं. मलाही वाटलं होतं की तू लिहिलं असशील. पाकीट उलटं केलं तर टेबलावर एक पास पडला. निळा पुठ्ठा, कडा झिजलेल्या, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. रुग्णालयाचा पालक पास. ओक सुनिम, नातं आई.

प्यो पाकिटात बोटं घालून बघत होता. "पत्र कुठाय? साहेब, हे काय आहे?"

"माझ्या बायकोचा पास आहे."

"आपल्याला उपयोग होईल का याचा?"

मी त्याला बाहेर जायला सांगितलं.

मागच्या बाजूला रोजच्या तारखेचे शिक्के आहेत. एक्केचाळीस. मी बोट ठेवून ठेवून मोजले. मला आकडासुद्धा नीट माहीत नव्हता, युनजे. मी चाळीस म्हणालो, कारण चाळीस भाषणात बरं वाटतं.

आता एकदाच सगळं लिहितो, टिपणातल्यासारखं नाही.

तालमीत विषय 'बघू'वर राहिला नव्हता. ते वाक्य आम्ही तीनदा म्हणून पाहिलं. पहिल्यांदा प्यो म्हणाला, "साहेब, फार कोरडं होतंय." मग उशाशी बसलेला बाप घालायची कल्पना निघाली. ती प्योची नव्हती. माझी होती. प्योनं तर विचारलंही, "बसला होतात ना साहेब? पुढे कोणी काढलं तर?" मी म्हटलं, "बापाला असं विचारतात का?" बिचारा वरमला. रुमाल डाव्या खिशात ठेवायचा, म्हणजे उजव्या हातातले कागद सोडावे लागत नाहीत, तेही मीच ठरवलं. आत्या विचारत होती ना, रडू कुठल्या दुकानातलं. हे त्या दुकानातलं.

आणि त्या दिवसांत मी कुठे होतो? मी एकदा आलो होतो. तुला आणि आईला कधी सांगितलं नाही. एकविसाव्या दिवशी नासपतींची पेटी घेऊन, स्वतः गाडी चालवत आलो. खाली गाड्या लावायच्या जागेत पुढच्या रांगेत थांबलो. चौथा मजला दिसत होता. तुझी खिडकी कोणती ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्याच बघत बसलो. तासभर तरी बसलो असेन. मग कार्यालयातून फोन आला, धरणाची बैठक लवकर घेतली होती. मी गाडी वळवली. फाटकावरच्या रखवालदाराला पेटी देऊन टाकली, तो वाकून वाकून आभार मानत होता. आईला फोनवर म्हणालो, रस्त्यात फार गर्दी होती. ती म्हणाली, "असू दे हो, पुढच्या आठवड्यात या. तो विचारत नाही तुमचं." माझ्यावरचा भार हलका व्हावा म्हणून ती तसं म्हणाली. आणि मी तो हलका होऊ दिला.

वर का आलो नाही? त्या महिन्यात बढतीची यादी लागायची होती. त्या इमारतीत कोणी ओळखीचं भेटलं असतं, तर 'बांगचा मुलगा तिथे आहे' ही बातमी माझ्याआधी खात्यात पोचली असती. एवढंच कारण आहे. शोधून दुसरं सापडत नाही.

म्हणजे बघ, एका बढतीसाठी मी तुझा आजार लपवला आणि दुसऱ्या बढतीसाठी तो चव्हाट्यावर मांडला. दोन्ही वेळा तुला विचारलं नाही. आणि तुझ्या आईनं उशीवर मान टेकवून काढलेले दिवस उचलून स्वतःच्या नावावर सांगितले, ती उठून 'अहो, काय बोलताय' म्हणायला नाही हे बघून. मला याची लाज वाटते. साठ वर्षांत हा शब्द मी फक्त दुसऱ्यांसाठी वापरला होता.

मागच्या पत्रात मी लिहिलं, आई म्हणाली असती 'दे रे बाबांना एवढं'. ते वाक्य फाडून टाक. जमलं तर पत्रच फाड.

प्योचा फोन आला तर उचलू नकोस. त्याला मी सांगितलं आहे, तरी तो चिकट आहे. उद्या मी पत्रकारांसमोर जाणार आहे.

बाबा


१३ एप्रिल, सेजोंग

युनजे,

तुझ्या कानावर आलं असेल, पण शब्द जसेच्या तसे तुझ्याकडे असावेत. मी म्हणालो, "सुनावणीत मी खोटं बोललो. मी माझ्या मुलाच्या उशाशी बसलो नव्हतो. त्याची आई बसली होती, ओक सुनिम. मी राजीनामा दिला आहे."

चार वाक्यांनी काम होईल असं वाटलं होतं. लगेच हात वर झाले. मुलगा आता कसा आहे? औषधं चालू आहेत का? तेव्हा नेमकं काय घडलं होतं? एकानं तर विचारलं, "मुळात मुलगा खरंच आजारी होता का?" प्यो कडेला उभा राहून मान हलवत होता. म्हणजे सांगा, साहेब, सहानुभूती मिळेल. उत्तर माझ्या जिभेवर होतं. दोन वाक्यं बोललो असतो तर निम्मे लोक पुन्हा माझ्या बाजूला आले असते.

मी म्हटलं, "हा माझ्या मुलाचा खाजगी प्रश्न आहे. त्याबद्दल मी बोलणार नाही."

हेच ठरलेलं उत्तर होतं. एक महिना उशिरा दिलं. तुझा फळा त्यानं परत मिळणार नाही, हे मला माहीत आहे. शहाण्या लोकांनी लिहिलंच आहे की बांग अजूनही काहीतरी लपवतोय. लिहू दे.

प्यो जाताना म्हणाला, "साहेब, पंचवीस दिवसांचे मंत्री. मी अजून तुमच्या नावाचे कागद बदलून छापून घेतले नव्हते." मग त्यानं माझे बूट दाराशी जोडीनं लावून ठेवले आणि गेला. माणूस वाईट नाही. मी त्याला जे शिकवलं ते तो शिकला.

बाबा


१६ एप्रिल, वोन्जू

युनजे,

आईचा पास या पत्रासोबत परत पाठवतो आहे. तो तुझा आहे. माझ्याकडे सहा दिवस राहिला तेवढं पुष्कळ झालं.

पाठवण्याआधी चांगला चष्मा लावून पुढची बाजू वाचली. आईच्या नावाखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे. तू ती पूर्वीच वाचली असशील. 'पालक पास क्र. २: बांग इकसू, नातं वडील.' आणि शेजारी पास देणाऱ्या खिडकीवरच्या माणसानं पेनानं लिहिलंय, 'न्यायला येतील.' म्हणजे पहिल्याच दिवशी आईनं माझं नाव घातलं होतं आणि कोणीतरी विचारलं असणार, दुसरा पास द्यायचा का, आणि ती म्हणाली असणार, राहू दे इथेच, ते न्यायला येतील. एक्केचाळीस दिवस ती त्या खिडकीसमोरून गेली असेल.

म्हणून आज इथे, त्या रुग्णालयात आलो. गाडी नाही आता, बसनं आलो. खिडकीवर एक हसरी मुलगी होती. "कोणाला भेटायचंय, आजोबा?"

"कोणाला नाही. माझ्या नावाचा एक पास इथे ठेवला होता. न्यायचा राहिला."

"कधी ठेवला होता?"

"अकरा वर्षं झाली."

ती मोठ्यानं हसली. "अकरा वर्षं! आजोबा, इतक्या उशिरा तर आमची लिफ्टसुद्धा येत नाही!" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, जुनं सगळं पाच वर्षांनी नष्ट करतात. पाणी देऊ का, असंही विचारलं. तिनं मला ओळखलं की नाही, कळलं नाही.

मी परत फिरायला हवं होतं. पण लिफ्टपाशी एक कुटुंब डबे, चादरी घेऊन उभं होतं, त्यांच्यात मिसळून मीही चौथ्या मजल्यावर गेलो. तिथल्या बाकावर बसलो. बाक कडक आहे, आणि समोरच्या घड्याळाचा काटा पुढे जायच्या आधी थोडा थरथरतो. हे तुझ्या आईनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. माझ्या शेजारी एक बाई मोजे विणत होती. तिनं मला एक संत्रं सोलून दिलं आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?" मी म्हटलं, मुलगा. "बरा होईल हो," ती म्हणाली. मी म्हटलं, "झाला. गणित शिकवतो." तेवढं तुझ्याबद्दल बोललो, तुझी परवानगी न घेता. हे शेवटचं.

साधारण तासाभरानं रखवालदार आला. सगळ्यांचे पास बघत बघत माझ्यापाशी थांबला. "आजोबा, पास दाखवा. पास नसलेल्यांना वर थांबता येत नाही."

तुझ्या आईचा पास माझ्या आतल्या खिशात होता. मी हात तिकडे नेला नाही. "माझ्याकडे नाही," म्हटलं, आणि जिन्यानं खाली उतरलो.

बाबा